घाईतल्या पेशी: कॅन्सरसारख्या दिसणाऱ्या, कॅन्सर नसलेल्या गाठी

मनगट आणि कोपर यांच्या मधे, हाताच्या आतल्या बाजूला, कातडीखाली एक गाठ येते. महिन्यापूर्वी तिथे काहीच नव्हतं. आता ती चिमटीत धरता येते, दाबली की हुळहुळते, आणि दर आठवड्याला थोडी वाढल्यासारखी वाटते. माणूस तिशीतला, एरवी ठणठणीत. डॉक्टर गाठ काढून तपासायला पाठवतात.

मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते पाहून कोणाच्याही छातीत धस्स व्हावं. चातीसारख्या लांबट पेशींची गर्दी. त्यातल्या कितीतरी पेशी नेमक्या विभागणीच्या क्षणी पकडलेल्या. गाठीची कड नीट आखलेली नाही, शेजारच्या चरबीत पेशींच्या रांगा शिरलेल्या. वेगाने वाढ, भरपूर विभाजन, अस्पष्ट कड: सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबी-हाडं अशा आधाराच्या ऊतींचा कॅन्सर, ओळखताना ज्या खुणा शोधायच्या असतात त्यातल्या बऱ्याचशा इथे हजर आहेत.

तरीही हा कॅन्सर नाही. या गाठीला नोड्युलर फॅशियायटिस म्हणतात. ती बहुधा तीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, शरीरात दुसरीकडे पसरत नाही, आणि हात लावला नाही तरी अनेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपली आपण विरते. १९५५ मध्ये तिचं पहिलं सविस्तर वर्णन छापून आलं तेव्हा तिला दिलेल्या नावातच 'सार्कोमाचा आभास' अशा अर्थाचा शब्द होता. फसगत या आजाराच्या ओळखीतच नोंदवलेली आहे.

अशा गाठी एक-दोन नाहीत. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक भागात कॅन्सरचं सोंग घेणारी एखादी तरी साधी वाढ असते. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासून रोग ओळखणारी डॉक्टर. दिवसाचा मोठा भाग मायक्रोस्कोपपुढे घालवते, आणि माझ्या कामातला सगळ्यात जबाबदारीचा भाग कोणता असं कोणी विचारलं तर मी याच गाठींकडे बोट दाखवीन. कॅन्सर शोधणं अवघड असतंच. पण कॅन्सर नसताना तो आहे असं लिहून बसणं, आणि त्या एका ओळीवर कोणाचा तरी अवयव जाणं, ही भीती मला जास्त छळते.

आता मुळात अशी फसगत होते कशी, ते पाहू.

शरीरातून काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये बुडवतात, म्हणजे तो सडत नाही. मग त्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने काढून त्यात मेण भरतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचा साधारण चार मायक्रॉन जाडीचा काप घेतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार, इतका तो पातळ. काचेच्या पट्टीवर तो पसरवून दोन रंग चढवतात: एकाने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी. ही झाली स्लाइड.

म्हणजे आमच्या हाती काय येतं? एक थांबवलेला क्षण. धावणाऱ्या माणसाचा फोटो काढला तर तो गाडी पकडायला धावतोय की चोरी करून पळतोय, हे नुसत्या पायांवरून सांगता येत नाही. आजूबाजूला काय चाललंय ते बघावं लागतं. पेशींचंही तसंच आहे. जखम भरून काढणारी पेशी आणि कॅन्सरची पेशी, दोघीही घाईत असतात. दोघींची केंद्रकं मोठी होतात, गडद दिसतात, दोघी झपाट्याने विभागतात. जखमेतही नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पेशी शेजारच्या जागेत सरकतात. त्याशिवाय जखम भरणारच नाही. फरक एवढाच, की दुरुस्तीचं काम संपलं की एका ठिकाणी हे सगळं थांबतं आणि दुसऱ्या ठिकाणी थांबत नाही. आणि थांबणं ही गोष्ट स्लाइडवर दिसत नाही, कारण ती अजून घडलेली नसते.

'ट्यूमर' या शब्दाची कहाणीही इथे सांगण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसती सूज. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने दाहाची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. त्यातल्या सुजेसाठी त्याने वापरलेला शब्द ट्यूमर हाच. दाहाची सूज आणि कॅन्सरची गाठ एका शब्दात नांदत होती, आणि मायक्रोस्कोपखाली त्या आजही कधीकधी एकमेकींसारख्या दिसतात.

मग ओळखायचं कसं? हातावरच्या त्याच गाठीकडे परत जाऊ, पण आता थोडं जवळून.

पेशी पुष्कळ आहेत, पण त्या एकसारख्या आहेत. एखादं केंद्रक अवाढव्य, वेडंवाकडं, शाईच्या डागासारखं काळं, असं कुठे दिसत नाही. त्या घट्ट चिकटून न बसता सैल, ओलसर, फिकट पार्श्वभूमीवर पसरल्यात. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी जशा हातपाय ताणून पडलेल्या दिसतात तशा. मधूनमधून रक्तवाहिनीबाहेर सांडलेल्या तांबड्या पेशी आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे विभाजन: ते भरपूर आहे, पण सरळ आहे. गुणसूत्रं मधोमध ओळीत लागतात आणि दोन्ही टोकांकडे सारखी वाटली जातात. कॅन्सरमध्ये अनेकदा ही वाटणी बिघडते. दोनाऐवजी तीन टोकं दिसतात, वाटणी विषम होते. इथे तसं एकही विभाजन सापडत नाही. म्हणून नुसतं 'विभाजनं किती' हे मोजून भागत नाही, प्रत्येक विभाजन कसं आहे हे बघावं लागतं. यात वेळ जातो, आणि तो द्यावाच लागतो.

या गाठीबद्दल एक मोठं आश्चर्य पुढे आलं. कित्येक दशकं ती म्हणजे शरीराची प्रतिक्रिया, दुरुस्तीचा अतिउत्साह, असंच मानलं जात होतं. २०११ मध्ये दिसून आलं की यातल्या बहुतेक गाठींमध्ये दोन जनुकं तुटून एकमेकांना चुकीच्या ठिकाणी जोडलेली असतात: एमवायएच-९ आणि यूएसपी-६. जनुकांची अशी तोडजोड ही खऱ्या गाठींची खूण. म्हणजे तत्त्वतः ही पेशींची स्वतंत्र वाढच आहे, पण काही दिवस जोरात चालून आपोआप मावळणारी. 'अल्पजीवी ट्यूमर' ही कल्पना त्यातून पुढे आली. व्यवहारात मात्र याचा उपयोग असा झाला, की स्लाइड पाहून मन द्विधा झालं तर आता यूएसपी-६ ची चाचणी करून पाहता येते.

काही ठिकाणी उत्तर पेशींत नसून त्यांच्या मांडणीत असतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स हे त्याचं उत्तम उदाहरण. मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूला जोरात मार बसतो. काही आठवड्यांनी तिथे टणक, दुखरी गाठ तयार होते, आणि स्नायूच्या आत चक्क हाड बनू लागतं. या गाठीच्या मधोमधचा तुकडा काढला तर तिथे कोवळ्या, घाईत वाढणाऱ्या पेशी आणि त्यांच्यामधे अर्धवट तयार झालेलं हाड दिसतं. हाडाच्या कॅन्सरमध्ये, ऑस्टिओसार्कोमात, दिसतं तेही जवळजवळ असंच. तेवढ्या तुकड्यावर निदान करायचं ठरवलं तर चूक होण्याला भरपूर वाव आहे.

पण संपूर्ण गाठ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिली, की तिची शिस्त दिसते. बाहेरच्या थरात पक्कं, तयार हाड. त्याच्या आत बनत असलेलं हाड. आणि मधोमध कच्च्या पेशी. बांधकाम बाहेरून आत पक्कं होत आलेलं. ऑस्टिओसार्कोमात क्रम साधारण उलटा असतो: आत जास्त तयार भाग आणि कडेला, जिथून कॅन्सर शेजारी घुसतो तिथे, सर्वांत कच्च्या आणि उग्र पेशी. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट लॉरेन अॅकरमन यांनी १९५८ मध्ये या थरांच्या रचनेवर बोट ठेवलं, आणि आजही निदान तिच्यावरच उभं आहे.

इथे एक्स-रे आमच्या मदतीला येतो. सुरुवातीच्या दिवसांत त्यात फारसं काही दिसत नाही. तीनेक आठवड्यांनंतर गाठीच्या कडेने चुन्यासारखी पांढरी रेघ उमटू लागते आणि पुढच्या काही आठवड्यांत ती कड पक्की होते. म्हणजे एकाच गाठीचा तुकडा दुसऱ्या आठवड्यात आणि आठव्या आठवड्यात काढला तर चित्र वेगळं. मार कधी बसला, गाठ कधी जाणवली, या दोन तारखा कळल्या नाहीत तर मी अंधारात चाचपडते. रुग्णालाही कधीकधी मार आठवत नाही, हे खरं; पण पुष्कळदा आठवत असतो, नुसतं कोणी विचारलेलं नसतं.

तोंडातला एक प्रकार मला विशेष बोचतो. टाळूवर अचानक एक व्रण पडतो, खड्ड्यासारखा, एक ते तीन सेंटिमीटरचा. टाळूखालच्या छोट्या लाळग्रंथींचा रक्तपुरवठा बंद पडल्याने हे होतं. दात काढताना दिलेलं इंजेक्शन, मार, वारंवार होणाऱ्या उलट्या, अशी कारणं काही वेळा मागे सापडतात. रक्त न मिळाल्याने ग्रंथी मरते, आणि तिच्या उरलेल्या नळ्यांचं अस्तर स्वतःला वाचवण्यासाठी बदलतं: नाजूक अस्तराच्या जागी कातडीसारखं जाड, चपट्या पेशींचं अस्तर येतं. आता कल्पना करा, व्रणाच्या खाली, खोलवर, चपट्या पेशींची बेटंच बेटं. तोंडाच्या कॅन्सरचं चित्र डोळ्यापुढे उभं राहतं. नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया हे या प्रकाराचं लांबलचक नाव १९७३ मध्ये पडलं. त्याआधी याला कॅन्सर समजून टाळूचा भाग काढून टाकलेले रुग्ण होते. आणि हा व्रण काहीही न करता साधारण सहा ते दहा आठवड्यांत भरून येतो.

ओळखायची खूण परत मांडणीतच आहे. ग्रंथी मेली तरी तिच्या घोसांचा आराखडा शाबूत असतो. चपट्या पेशींची बेटं त्या जुन्या आराखड्यातच, आपापल्या जागी बसलेली असतात. घर पडलं तरी जोतं दिसावं, तसं. कॅन्सर असा आराखडा जपत नाही. पण ते जोतं दिसायला तुकडा पुरेसा मोठा आणि खोल हवा. चिमटीएवढा, वरवरचा तुकडा आला तर ते दिसणारच नाही.

स्तनातल्या गाठींमध्ये तर ही परीक्षा रोजची. स्क्लेरोझिंग अॅडिनोसिस नावाच्या अगदी साध्या बदलात जखमेच्या वणासारखी कडक ऊती वाढते आणि तिच्या दाबाखाली दुधाच्या ग्रंथी पिळवटून, चेपून जातात. कमी भिंगातून पाहिलं तर वाटतं, पेशींचे धागे सगळीकडे घुसलेत. रेडियल स्कार नावाचा दुसरा एक बदल मॅमोग्राफीत ताऱ्यासारखा दिसतो, आणि कॅन्सरही कित्येकदा तसाच दिसतो. मार लागून किंवा शस्त्रक्रियेनंतर स्तनातली चरबी मेली, तर तीही टणक गाठ बनून कातडी आत ओढून घेते.

निरोगी ग्रंथीच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात: आत एक, आणि त्याला बाहेरून कवेत घेणारा दुसरा. भिंत फोडून बाहेर पडणाऱ्या कॅन्सरमध्ये हा बाहेरचा थर नाहीसा झालेला असतो. साध्या रंगात तो थर दिसेलच असं नाही, कारण दाबाखाली तो कागदासारखा चपटा झालेला असतो. मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. त्या थराच्या केंद्रकांत पी-६३ नावाचं प्रथिन असतं. त्याला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी स्लाइडवर घालून तिला तपकिरी रंग आणतात. पुन्हा मायक्रोस्कोपखाली पाहावं तर चेपलेल्या प्रत्येक ग्रंथीभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ उमटलेली असते. एक माळ, दुसरी, तिसरी, सगळ्या पूर्ण. तो क्षण इतक्या वेळा अनुभवूनही मला प्रत्येक वेळी हायसं वाटतं.

काही वेळा मात्र मायक्रोस्कोप, रंग, अँटिबॉडी हे सगळं असूनही खरं उत्तर रुग्णाच्या हकिकतीतच असतं.

गर्भाशयाचं अस्तर घ्या. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे अस्तराच्या ग्रंथींतली केंद्रकं कधीकधी प्रचंड मोठी आणि गडद होतात. पेरूचे पॅथॉलॉजिस्ट हावियर आरियास-स्टेला यांनी १९५४ मध्ये या बदलाचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. गर्भ गर्भाशयात असो की नळीत अडकलेला, अस्तर असं दिसू शकतं. सोबतच्या कागदावर 'पाळी चुकली आहे' किंवा 'गर्भपात झाला' एवढे दोन शब्द असले तर कोड्याला कोडंपण राहत नाही. ते नसले तर त्याच पेशी कॅन्सरच्या वाटू शकतात.

मानेतल्या लसिकाग्रंथींचंही असंच. तरुण स्त्रीला ताप येतो, मानेत गाठी येतात, तपासणीत मेलेल्या पेशींचा चुरा आणि त्याभोवती मोठाल्या पेशी दिसतात. मनात लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, येतो. पण हा किकुची आजार असू शकतो; जपानमध्ये किकुची आणि फुजिमोतो या दोघांनी १९७२ मध्ये तो स्वतंत्रपणे नोंदवला. तो सहसा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. लिम्फोमा समजून केमोथेरपी सुरू झाली तर काय, हा विचारही नको वाटतो.

पोटात स्कॅनवर अनेक छोट्या गाठी दिसाव्यात, पसरलेल्या कॅन्सरसारख्या, आणि त्या निघाव्यात प्लीहेचे तुकडे! अपघातात प्लीहा फुटली की तिचे कण पोटात सांडतात, जिथे पडतात तिथे रुजतात आणि वर्षानुवर्षं तिथे जगतात. वीस वर्षांपूर्वीच्या त्या शस्त्रक्रियेचा उल्लेख कोणी केला नाही तर ही गोष्ट कशी कळावी? हाडात दिसणारी मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशींची गाठसुद्धा कधी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या बिघाडाने झालेली असते. रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासलं की उलगडा होतो, आणि मूळ बिघाड दुरुस्त केला की हाड भरून येतं. स्वादुपिंडातही एका प्रकारच्या दाहाने हुबेहूब कॅन्सरसारखी गाठ तयार होते, तिला आयजीजी-४ या अँटिबॉडीशी संबंधित आजार म्हणतात. ती स्टेरॉइडने वितळते. हे आधी लक्षात आलं नाही तर माणूस फार मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरा जातो.

रेडिएशन घेतलेल्या भागाबद्दलही सांगायला हवं. किरणांच्या माऱ्याने निरोगी पेशींची केंद्रकंही वेडीवाकडी होतात, आणि तशीच वर्षानुवर्षं राहू शकतात. पूर्वी रेडिएशन घेतलंय हे कळलं नाही तर 'कॅन्सर परत आला' असं वाटणं सोपं असतं.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख धोकादायक ठरेल. चूक उलटीही होते, आणि ती तितकीच महाग पडते. १८८७ मध्ये जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रातल्या गाठीचे तुकडे तपासले ते रुडॉल्फ विर्चो यांनी, पेशींच्या आधारे रोग ओळखण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाने. त्या तुकड्यांत त्यांना कॅन्सर सापडला नाही. आजार मात्र कॅन्सरच होता. फ्रेडरिक पुढच्या वर्षी सम्राट झाले आणि ९९ दिवसांत, १५ जून १८८८ रोजी, गेले. हाती आलेल्या तुकड्यात कॅन्सर नसणं आणि शरीरात कॅन्सर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून कोणतीही वाढणारी गाठ 'आपोआप विरेल' म्हणून घरी बसून पाहत राहू नका. विरणारी कोणती आणि न विरणारी कोणती, हे बोटांनी चाचपून ठरत नाही. तुकडा तपासल्यावर ठरतं, आणि तपासणारासुद्धा कधीकधी अडखळतो. म्हणूनच रिपोर्टात कधी 'निश्चित सांगता येत नाही', 'आणखी ऊती हवी', 'एक्स-रेशी ताडून पाहावे' अशी वाक्यं येतात. ती वाचून लोक चिडतात, मला समजतं. पण त्या वाक्यामागे कोणीतरी घाईने निकाल द्यायचं नाकारलेलं असतं.

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या हातात अवयव काढण्याचा किंवा केमोथेरपीचा सल्ला देणारा रिपोर्ट आला, तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत मागायला संकोच करू नका. त्यासाठी पुन्हा तुकडा काढावा लागतोच असं नाही. मेणाचा ठोकळा आणि स्लाइड प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात, त्या मागता येतात, दुसरीकडे नेता येतात. सोबत एक्स-रे, स्कॅन आणि आधीचे रिपोर्ट न्या. चांगल्या पॅथॉलॉजिस्टला याचा राग येत नाही; आम्ही स्वतःच अडलेली स्लाइड शेजारच्या सहकाऱ्याकडे सरकवत असतो.

आणि बायोप्सीच्या आधी डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगा, कोणी विचारो न विचारो. गाठ नेमकी कधी जाणवली, किती दिवसांत वाढली. तिथे कधी मार लागला होता का, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया झाली होती का. गरोदरपण, चुकलेली पाळी, हार्मोनच्या गोळ्या. पूर्वी घेतलेलं रेडिएशन, पूर्वीचा कॅन्सर, काढलेला एखादा अवयव. आणि हे तपासणीच्या फॉर्मवर लिहा, असं आग्रहाने सांगा. कारण माझ्यापर्यंत तुम्ही पोचत नाही. फॉर्मॉलिनची एक छोटी बाटली पोचते, तिच्यावर नाव आणि वय, आणि सोबतच्या फॉर्मवर इतिहासाच्या रकान्यात बऱ्याचदा दोनच शब्द असतात: 'हातावर गाठ'.